खिडकीतल्या फासळ्या

पोलादपुरात मी भाड्याने राहत होते त्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. पडद्याच्या जागी एका अनोळखी माणसाची छाती होती. चार तावदानांपैकी दोनांवर छातीचे एक्स-रे, तिसऱ्यावर कुणाचा तरी गुडघा आणि चौथ्यावर करंगळी मोडलेला एक हात. सकाळचं ऊन आलं की माझ्या चादरीवर उजेडाच्या फासळ्या पडायच्या. पहिल्या दिवशी मी किंचाळले. आठवड्याभरात सवय झाली, आणि महिन्याभराने मी त्या करंगळीवाल्याला रोज "सलाम" करून कंपनीच्या बसला पळायला लागले.

ह्या तावदानांचे मालक तेच माझे घरमालक. त्यांचं नाव मी सांगणार नाही, कारण प्रत्येक प्लेटीवरचा पेशंटच्या नावाचा कोपरा त्यांनी स्वतः कात्रीने कापून टाकला होता. "हाडाला नाव नसतं," असं ते म्हणायचे. त्यांना सगळे काकाच म्हणत, मीही काकाच म्हणते.

काकांनी सारी नोकरी एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली. दवाखान्यात नवं मशीन आलं तेव्हा पेशंटांनी न नेलेल्या जुन्या प्लेटी टाकून द्यायच्या ठरल्या. काकांनी त्या अर्ज करून मागून घेतल्या आणि घराच्या खिडक्यांना लावल्या. उन्हाची तिरीप अडते, हे त्यांचं बाहेरच्यांना द्यायचं उत्तर. खरं कारण वेगळं होतं, ते मला खोली बघायला गेले त्याच दिवशी कळलं.

मी मूळची नगरकडची. आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागले, आणि महाडात जागा मिळेना म्हणून अर्ध्या तासावरच्या पोलादपुरात शोधायला आले. काकाही ख्रिस्तीच. आडनाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला नीट बसवलं, काकींनी पाणी आणलं, आणि काकांनी पहिला प्रश्न टाकला, "बाईला फासळ्या किती?"

मला वाटलं म्हातारा चळला आहे. तरी म्हटलं, "बारा जोड्या."

"आणि बाप्याला?"

"बाराच जोड्या."

काका उभे राहिले. टाळी वाजवली. "अगं ऐकलंस का?" त्यांनी काकींना हाक मारली. काकी समोरच बसल्या होत्या. "ख्रिस्ती हाय, आणि तरी बरोबर सांगितलं! खोली हिला द्यायची."

ह्या प्रश्नामागे, आणि त्या खिडक्यांमागेही, एक जुनी जखम होती. तरुणपणी काका आपल्या गावी रविवारी मुलांची शाळा घ्यायचे. तिथे त्यांनी मुलांना छातीठोकपणे शिकवलं होतं की देवाने पहिल्या माणसाची फासळी काढून पहिली बाई घडवली, म्हणून आजही पुरुषाला एक फासळी कमी असते. मुलांनी एकमेकांचे सदरे वर करून मोजलं, गुदगुल्या झाल्या, कुणाचीच मोजणी नीट झाली नाही आणि धडा संपला. पुढे काकांना नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका गड्याची प्लेट उजेडावर धरली आणि मोजलं. बारा आणि बारा. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्याचं मोजलं, तिसऱ्याचं मोजलं. शेवटी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "तुझ्या बापाचं बोट करवतीत गेलं असतं, तर तू नऊ बोटांचा जन्मला असतास का?"

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काकांनी रजा टाकली आणि गावी गेले. शिकवलेली एकूण एक मुलं शोधून काढली. काही शेतात होती, एकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावाला नांदत होती, तिथेही गेले. तिच्या सासूसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, मी तुला एक फासळी चुकीची शिकवली." सासूने त्यांना वेड्यात काढलं. काका मात्र सांगायचे की त्या रात्री त्यांना कित्येक दिवसांत लागली नव्हती अशी झोप लागली.

अशा माणसावर जीव जडणारच की! माझाही जडला. पण आमचं भांडण ठरलेलंच होतं, आणि ते घरमालक काकांशी नव्हतं, मंडळीचे वडील, म्हणजे आमच्या चर्चचे पुढारी असलेल्या काकांशी होतं.

महाडात आमची मंडळी चाळीसेक माणसांची. कुणी जालन्याचं, कुणी नगरचं, बहुतेक कारखान्यांत पाळीवर जाणारे. उपासना एका दुकानावरच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये व्हायची, कारण महाडात पुराचं पाणी माहीत असलेला माणूस तळमजला घेत नाही. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, पनवेलहून महिन्यातून एकदा येत. उरलेले तीन रविवार काका सांभाळायचे. आता, काका माणूस कितीही गोड असला तरी संदेश देणं, म्हणजे प्रवचन करणं, हे त्यांचं काम नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत फक्त काकींची होती. ते कुठूनही सुरुवात करत आणि फासळीवर येऊन थांबत.

आणि मी? मला लहानपणापासून एकच वेड होतं, पुलपिटामागे उभं राहून बोलायचं. नोकरी करता करता पोस्टाने ईशज्ञानाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला होता. आमच्या गावच्या मंडळीने सर्टिफिकेट बघून कौतुक केलं, पेढे खाल्ले आणि मला मुलांची गाणी बसवायला सांगितलं. बाईने गावं, शिकवावं, फुलं लावावीत. संदेश द्यायला उभं राहू नये. महाडला येताना मी मनाशी ठरवलं होतं की इथेही हेच ऐकावं लागलं तर हा नाद सोडायचा. कायमचा.

पहिल्या महिन्यातच मी काकांना विचारलं. काका भाकरीचं पीठ मळत होते. हो, काका! त्या घरात पहाटे साडेचारला उठून चूल पेटवणं, चहा करणं, पीठ मळणं ही सगळी कामं काकांची. ह्यालाही शास्त्राधार होता. देवाने पुरुषाला आधी घडवलं ना? मग जो आधी घडला त्याने आधी उठायचं. शेजारचे बाप्ये त्यांची टर उडवत, आणि त्यांच्या बायका आपापल्या नवऱ्यांना आमच्या अंगणाकडे बोट दाखवत.

"काका, एखाद्या रविवारी मी संदेश देऊ का?"

पीठ मळणारे हात थांबले. "नाय जमायचं, पोरी. आदाम आधी घडला, मग हव्वा. पुढं उभं राहायचं ते त्यानं. ती रीत हाय."

"मग गुरंढोरं आदामाच्याही आधी घडली. त्या हिशेबाने शेजारची म्हैस उभी करू या पुलपिटावर."

काकी एवढ्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. काका हसले नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून एक चिठ्ठी सरकली. एक्स-रेच्या जुन्या पाकिटाचा तुकडा, त्यावर सुबक अक्षरात: "गुरांच्या नाकात देवाने स्वतः श्वास फुंकला असं लिहिलेलं नाही. म्हैस बाद."

मी त्याच तुकड्याच्या मागे लिहिलं, "हव्वेच्या नाकात श्वास कुणी फुंकला? आदामाने?" आणि जिन्यावरून खाली सरकवला.

असं आमचं सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. मी लिहायची की तिला साहाय्यकारी म्हटलंय म्हणून खाली बसवता, मग शास्त्रात देवालाही माणसाचा साहाय्यकारी म्हटलंय, त्यालाही मागच्या बाकावर बसवा. ते लिहायचे, "विचार करतो." चार दिवसांनी लिहायचे, "अजून करतो." हरले तरी कबूल करायचे, फक्त मूळ मुद्दा सोडायचे नाहीत. मला इतका राग यायचा की मी जिना उतरताना पाय आपटायची, आणि खाली आले की ते माझ्यापुढे चहाचा कप धरायचे.

माणूस कुठून आला ह्यावर तर त्यांना कुठेही, कुणाशीही बोलायला आवडायचं. लॅबवाली म्हणून मला रोज परीक्षा. "सांग, माणसात काय काय असतं?" मी कॅल्शियम, लोह, कार्बन अशी यादी म्हणायची, आणि ते मांडीवर थाप मारायचे. "म्हंजे मातीच की गो! लिहिलंय तेच निघालं!" एकदा एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर आमच्या कारखान्यातल्या एका तरुण इंजिनियरने त्यांना डिवचलं. माणूस माकडापासून आला, म्हणाला. मला वाटलं आता काका पेटणार. काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "देवानं माती किती वेळ मळली ते कुठं लिहिलंय? मला चार भाकऱ्यांचं पीठ मळायला दहा मिनटं लागतात. त्याला माणूस मळायला लाखो वर्षं लागली असतील तर तुमचं काय जातं? मळणारा हाय का नाय, तेवढं बोला." इंजिनियरच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

प्रार्थनेतही त्यांची जुनी नोकरी सुटलेली नव्हती. सगळे डोळे मिटून उभे राहिले की काका म्हणत, "श्वास घ्या. रोखा." आणि अख्खी मंडळी श्वास रोखून उभी. "हा जो आत हाय, तो तुमचा नाय. त्यानं फुंकलेला हाय. आता सोडा." नव्या माणसाला हसू यायचं. दोन-तीन रविवारांनी मात्र त्यालाही ते श्वास रोखलेले चार क्षण हवेहवेसे वाटायला लागत. मला तर लॅबमध्ये कामाचा ताण आला की मी अजून तसंच करते.

देव ओळखायचा कसा, ह्यावरचं त्यांचं म्हणणं मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. ते म्हणायचे, एक्स-रेचा किरण कुणाला दिसत नाही. तो आरपार गेला तर प्लेट नुसती काळी. जिथं तो अडतो तिथं पांढरं उमटतं, म्हणून हाड दिसतं. "तसंच देवाचं. तू जिथं त्याला आडवी येतेस ना, तिथंच तो तुला दिसतो. बाकी ठिकाणी तो आरपार जातो, कळत पन नाय."

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथली एक आजी बाजाराच्या दिवशी करवंदं, रानभाजी घेऊन उतरायची आणि काकांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. एकदा काकांनी तिला विचारलं, "आजी, देव दिसला का गो कधी?"

आजी म्हणाली, "दिसाया कशाला होवा? माझी म्हस रानात जाते ती तरी दिवसभर कुठं दिसते? सांजच्याला घरला येते, म्हंजे हाय."

काकांना ते इतकं आवडलं की पुढचे तीन रविवार त्यांनी पुलपिटावरून आजीची म्हैस सांगितली. मंडळीत एका कारखान्याचे शिफ्ट सुपरवायझर होते, शिस्तीचे. त्यांनी उपासना संपल्यावर हटकलं, "काका, त्या बाई आपल्या विश्वासातल्या नाहीत. त्यांचं बोलणं पुलपिटावर कशाला?"

काका म्हणाले, "बोलणं खरं हाय का ते आधी बघा. कुनी सांगितलं ते मागनं बघू."

मी मागेच उभी होते. मी तिथल्या तिथे म्हटलं, "मग मी बोलले तर?" काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि हॉलच्या खिडक्या लावायला निघून गेले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. दिवाळीच्या सुट्टीत मी खिडकीच्या काचा धुतल्या आणि प्लेटी परत लावल्या. काका नळ बघायला वर आले आणि दारातच थबकले. "अरारा! उलटा लावलास माणूस!"

"काय फरक पडतो, काका?"

"काय फरक? त्याचं हृदय उजवीकडं नेऊन ठेवलंस!" त्यांनी प्लेट काढली, कोपऱ्यातलं शिशाच्या खुणेचं 'आर' अक्षर, राइटचं, म्हणजे उजवीचं, दाखवलं. "प्लेट बघताना माणूस तुझ्यासमोर तोंड करून उभा हाय असं धरायचं. त्याची उजवी बाजू तुझ्या डाव्या हाताला. सगळ्यात सोपी गोष्ट, आणि सगळ्यात जास्त माणसं तिथंच चुकतात. आपली डावी-उजवी ती जगाची डावी-उजवी समजतात." मी कान पकडले. त्यांनी प्लेट स्वतःच्या हाताने लावली आणि समाधानाने उतरले.

हॉलमध्ये आमची बसायची रीत जुनी. आत शिरलं की उजव्या हाताला पुरुष, डाव्या हाताला बायका. काका ह्यावरून आम्हाला चिडवायचे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू मेंढरांना, म्हणजे भल्यांना, आपल्या उजवीकडे आणि शेरडांना, म्हणजे बुऱ्यांना, डावीकडे बसवणार आहे, तेव्हा "आम्ही आत्तापासूनच जागा धरून बसलोय." पुरुष हसायचे. काकी पदर सावरत म्हणायच्या, "हे देवाला ओळखतात, मी ह्यांना ओळखते."

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. मी काकींना सांगितलं, "जाते. इथे दोन वर्षं चिठ्ठ्या लिहून झाल्या. आता ईस्टर झाला की राजीनामा देते आणि तो नादही सोडते." त्यांनी काकांना सांगितलं असणार, कारण त्या आठवड्यात दाराखालून एकही चिठ्ठी आली नाही.

ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही पोलादपूरबाहेर सावित्रीच्या काठावरच्या कातळावर करतो. अंधारातच माणसं जमतात. रात्रपाळीवाले कारखान्यातून थेट मोटरसायकलवर येतात, अंगात कंपनीचा शर्ट, डोळ्यांत झोप. सतरंज्या हॉलसारख्याच, उजवीकडे पुरुषांच्या आणि डावीकडे बायकांच्या, अंथरल्या होत्या, काकी थर्मासमधून चहा देत होत्या. पाळकसाहेब त्या दिवशी येणार होते. साडेपाचला त्यांचा फोन आला तो काकींनी घेतला. लांब सुट्टीच्या गर्दीत ते मध्यरात्रीपासून माणगावला अडकले होते. "पुढे एक इंच नाही, मागे एक इंच नाही. काकांना म्हणावं, सुरू करा."

काका पुढे जाऊन उभे राहिले. नेहमी ते पुस्तकात डोकं घालून उपासना चालवत, मान वर म्हणून करत नसत. त्या दिवशी पुस्तक दिसेना. कुणीतरी मोबाइलची बॅटरी धरली, ती त्यांच्या चष्म्यावरच चमकली. त्यांनी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बघत बोलायला लागले. महाबळेश्वराच्या डोंगरामागे फटफटत होतं. आमच्या तोंडांवर उजेड यायला लागला होता.

"श्वास घ्या," काका म्हणाले. "रोखा."

आम्ही डोळे मिटून, सतरंज्यांवर बसल्या बसल्याच रोखला. ते 'सोडा' म्हणेचनात, म्हणून मी डोळे उघडले. ते बघत होते. बायकांकडे, मग पुरुषांकडे, मग परत बायकांकडे. त्यांनी आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तो सरळ पुढे धरला. हात थेट आमच्यावर आला, बायकांवर. रात्रपाळीवाला एक जण खोकला. कुणीतरी कुजबुजलं, "काकांना काय होतंय?"

"उलटी," काका म्हणाले. "प्लेट उलटी लावलीय मी! अगं ए," काकींना म्हणाले, "चाळीस वर्षं पेशंटला समोर उभं करून मोजलं, आणि हितं…" आणि मग ते हसत सुटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते. "मंडळी, प्रभू हितं उभा राहनार ना? तुमच्याकडं तोंड करून? मग त्याच्या उजव्या हाताला कोन हाय? बाया! आम्ही इतकी वर्षं शेरडांत बसलोय!"

एकदम हशा उसळला. त्या कातळावर इतक्या पहाटे इतकी माणसं इतकी हसलेली मी कधी पाहिली नाहीत. मी हसता हसता थांबले, कारण काकाही थांबले होते आणि माझ्याकडे बघत होते.

"जिथं चूक सापडली तिथंच थांबून चालत नाय," ते म्हणाले. "मी ह्या पोरीला दोन वर्षं आडवा आलोय. तिचं एकबी उत्तर मला खोडता आलं नाय, तरी आलोय. आज संदेश ती देईल. ये गो."

मला उठताच येईना. दोन वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते समोर आलं आणि मी सतरंजीची दशी ओढत बसले! "काका, मी काही तयारी केली नाही," एवढंच तोंडातून निघालं.

"माझी तरी कधी असते?" काका म्हणाले आणि सतरंजीवर येऊन बसले.

सुपरवायझर उठून उभे राहिले. "हे बरोबर नाही, काका. पाळकसाहेबांना विचारल्याशिवाय नाही." त्यांनी पायात चपला घातल्या आणि बायकोला खूण केली. बायको जागची हलली नाही. म्हणाली, "तुम्ही गाडी काढा, मी येते." आणि ती शेवटपर्यंत आली नाही.

मी उभी राहिले. काय बोलले ते मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. क्रुसावर गेलेल्या प्रभूच्या कबरेकडे त्या बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या तेव्हा वाटेत त्यांना एकच घोर होता, कबरेच्या तोंडावरचा दगड कोण सरकवील. उत्तर माहीत नव्हतं तरी त्या चालत राहिल्या. मग म्हटलं, माणसाची सुरुवात एका बागेत झाली आणि ही नवी सुरुवातही बागेतच झाली. तिथे एक बाई रडत उभी होती. प्रभू समोर होता तरी तिला तो माळी वाटला. डोळ्यांनी ओळखता आला नाही. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा ओळखला. आणि सगळ्यात आधी तो उठल्याचा निरोप घेऊन धाडलं ते तिला, आणि दारं लावून बसलेल्या पुरुषांना तो खरा वाटला नाही. मी बोलत होते आणि डोंगरावरून ऊन उतरत होतं. आनंद किती झाला म्हणून सांगू! आयुष्यात माझ्या जागेवर मी तेव्हा पहिल्यांदा उभी होते. काकी डोळे पुसत होत्या. काका खाली मान घालून बसले होते, त्यांचा चेहरा काही दिसत नव्हता.

पाळकसाहेब नऊला पोचले. सुपरवायझर गाडीपाशीच थांबले होते, त्यांनी सगळं सांगितलं. पाळकसाहेब काकांकडे आले. "काका, मला विचारायचं होतं एकदा."

काकांनी त्यांच्या हातात चहा दिला. "विचारायला पायजे होतं. नाय विचारलं. तुम्ही रात्रभर गाडीत उपाशी राहिलात साहेब, पन मंडळी उपाशी राहिली नाय." पाळकसाहेबांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "ह्याचं उत्तर मला वरच्या कमिटीला द्यावं लागेल." काका म्हणाले, "मी येतो तुमच्यासंगं. वडील म्हणून ठेवा, नायतर काढा."

माणसं पांगली. मी आणि काका सतरंज्या गोळा करायला राहिलो. एका सतरंजीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "काका, कसं झालं?"

त्यांनी सतरंजी झटकली. "माळ्याचं बरं होतं. दगडाचं दोनदा सांगितलंस, एकदा पुरे."

"बाकी?"

"लांबलं. पुढच्या रविवारी वीस मिनटांत आटपायचं. लोकांना घरी जाऊन कालवण करायचं असतं."

पुढच्या रविवारी. माझ्या हातातलं टोक सुटलं आणि मी कातळावर बसून हमसून हमसून रडायला लागले.

"रड," काका म्हणाले. "पन आधी घडी घाल."